व्हर्च्युअल असिस्टंट नेमताना: काम कसं ठरवायचं, दर कसा वाचायचा

व्हर्च्युअल असिस्टंट, थोडक्यात व्हीए, म्हणजे दूर बसून इंटरनेटवरून आपली कामं करून देणारा मदतनीस. तो शोधायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तासाला किती? मीही तिथूनच सुरुवात केली होती. सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला काम दिलं आणि पहिल्या महिन्यात त्याचं काम तपासण्यात माझा इतका वेळ गेला की तेवढ्यात तेच काम मी दोनदा उरकलं असतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! दोष त्या बिचाऱ्याचा फारसा नव्हता. काय हवंय हे मी त्याला धड सांगितलंच नव्हतं, कारण ते मलाच नीट माहीत नव्हतं.

म्हणून दराकडे जरा उशिरा येऊ.

आधी दहा दिवस स्वतःवर नजर ठेवा

कामाचे दहा दिवस एक साधी नोंद ठेवा. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहायच्या: काय केलं, किती मिनिटं गेली, आठवड्यात ते किती वेळा येतं आणि ते करताना कोणता निर्णय घ्यावा लागला. पहिले तीन रकाने सगळेच भरतात. खरा उपयोगाचा चौथा. ‘ईमेल बघितले’ हे काम नव्हे, ती दहा कामांची मोळी आहे. त्यात जाहिराती बाजूला काढणं आहे, ठरावीक प्रश्नांना ठरावीक उत्तरं देणं आहे, भेटीच्या वेळा जुळवणं आहे, आणि एखाद्या चिडलेल्या ग्राहकाला काय लिहावं याचा विचारही आहे. पहिली तीन उद्या दुसऱ्याकडे जाऊ शकतात, चौथं नाही.

नोंद झाली की कामांचे तीन ढीग करा. एक, लेखी नियम दिला की कुणीही करील असं. दोन, नियम आहे पण अधूनमधून अंदाज लागतो असं. तीन, तुमच्याच डोक्याचं. सुरुवात फक्त पहिल्या ढिगापासून करायची. त्यात आठवड्याला पाच तासांपेक्षा कमी काम निघत असेल तर पूर्णवेळ माणसाचा विचार सोडून द्या. तासावर काम करणारा पुरेल. कधी कधी माणूसही लागत नाही, उत्तरांचे तयार मसुदे आणि भेटीची वेळ निवडण्याची एक लिंक एवढ्यावर भागतं. मला तर या नोंदीत दर आठवड्याला तयार होणारा एक अहवाल सापडला जो कुणीच उघडत नव्हतं. तो बंद केला. त्याला दुसऱ्याकडे सोपवून वर पैसे मोजणार होतो मी!

कोणत्या वाटेने माणूस शोधायचा

‘व्हीए’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या जातीची माणसं येतात. सर्वसाधारण कामं करणारा: डेटा भरणं, माहिती शोधणं, कॅलेंडर, ईमेल. एखाद्या कामात मुरलेला: हिशेब लिहिणं, जाहिरात मोहिमा, व्हिडिओ संपादन, ऑनलाइन दुकानाची सूची. आणि एक्झिक्युटिव्ह असिस्टंट, जो तुमच्या वतीने निर्णयाची पूर्वतयारी करतो. तिघांच्या दरात मोठं अंतर असतं, आणि पहिल्याच्या दरात तिसऱ्याची अपेक्षा ठेवणं ही नव्या मालकाची सर्वांत नेहमीची चूक.

शोधण्याच्या वाटाही तीन. पहिली, फ्रीलान्स बाजार, म्हणजे स्वतंत्रपणे काम घेणारे (फ्रीलान्सर) आणि काम देणारे जिथे भेटतात त्या वेबसाइट. ईलान्स आणि ओडेस्क या दोन जुन्या कंपन्यांचं विलीनीकरण 2013 मध्ये जाहीर झालं आणि 2015 मध्ये त्यांचं नाव अपवर्क झालं. फायव्हर 2010 पासून आहे. इथे निवड तुमची, जोखीमही तुमची. दुसरी वाट थेट नेमणुकीची: जाहिरात द्यायची, अर्ज चाळायचे, पैसे स्वतः पाठवायचे. मधला कमिशनवाला जातो, पण चाळणीचं सगळं काम तुमच्या अंगावर येतं. तिसरी वाट एजन्सीची. ती माणूस निवडते, शिकवते, तो आजारी पडला तर दुसरा देते, आणि त्याची किंमत दरात मिळवते.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच नेमत असाल आणि काम नेमकं लिहून काढता येत असेल, तर फ्रीलान्सर घ्या. काम रोज ठरल्या वेळी व्हायलाच हवं, एक दिवसही खंड चालणार नाही, असं असेल तर एजन्सीचा जादा दर बहुतेक वेळा वसूल होतो.

दर: इथे जरा थांबून वाचा

खालचे आकडे नुसते आकडे आहेत. चलन तुमचं तुम्ही घाला.

नोकराच्या पगाराला महिन्याच्या तासांनी भागून निघालेला आकडा आणि फ्रीलान्सरचा तासाचा दर यांची तुलना करू नका. वर्षात 52 आठवडे, आठवड्याला 40 तास, म्हणजे 2080 तासांचा पगार नोकराला मिळतो, सुट्ट्या धरून. फ्रीलान्सरच्या सुट्ट्या-आजारपणाचे चार आठवडे वजा केले की 1920 तास राहतात. त्यातला वेळ नवं काम शोधणं, बिलं पाठवणं, शिकणं यातही जातो. समजा 65 टक्के तासांचेच पैसे मिळाले, तर उरतात 1248. म्हणजे नोकराइतकंच वर्षाला मिळवायचं तर त्याला तासाचा दर सुमारे 1.67 पट लावावा लागतो. वर संगणक, इंटरनेट, विमा त्याचाच. हे गणित डोक्यात असलं की ‘एवढे कशाचे?’ हा प्रश्न आपोआप मावळतो.

आता दर सांगण्याच्या पद्धती.

तासावर: सर्वांत सरळ आणि सुरुवातीला सर्वांत योग्य, कारण काम किती वेळाचं हे दोघांनाही माहीत नसतं. फक्त एक प्रश्न विचारायला विसरू नका: वेळ किती मिनिटांच्या तुकड्यांत मोजता? दिवसात चार-चार मिनिटांची 12 फुटकळ कामं दिली तर खरा वेळ 48 मिनिटं. प्रत्येक काम 15 मिनिटांवर पूर्ण धरलं तर बिल तीन तासांचं. सहा मिनिटांवर धरलं तर 72 मिनिटांचं. दर तोच, बिल अडीच पट! उपाय म्हणजे फुटकळ कामं एकत्र बांधून दिवसातून एकदाच द्यायची, किंवा दिवसाची बेरीज करूनच पूर्णांक धरायचा असं आधी ठरवून घ्यायचं.

तासांचं पाकीट, म्हणजे रिटेनर: महिन्याला ठरावीक तास आगाऊ विकत घ्यायचे. 20 तास, तासाला 15 दराने 300. पण तुम्ही 14 तासच वापरले आणि उरलेले पुढच्या महिन्यात जात नसतील, तर तुमचा खरा दर झाला 21 च्या वर. त्यामुळे पाकीट घेताना उरलेल्या तासांचं काय आणि जादा तास कोणत्या दराने, हे दोन्ही लेखी हवं. पहिल्या दोन महिन्यांत कुणीच पाकीट पूर्ण वापरत नाही. काम सोपवायची सवय लागायला वेळ लागतो. म्हणून अंदाजापेक्षा लहान पाकिटाने सुरुवात करा.

महिन्यावर पूर्णवेळ: 160 तासांचे 1200, म्हणजे तासाला साडेसात. तासावर तोच माणूस 12 घेत असेल तर 100 तासांवर दोन्ही बिलं बरोबरीत येतात. खात्रीने 100 तासांपेक्षा जास्त काम असेल तरच महिन्यावर घ्या. नाहीतर रिकाम्या तासांना काम शोधून देणं हेच तुमचं नवं काम होऊन बसतं.

कामावर किंवा नगावर: इतक्या नोंदी, इतकी पानं, इतक्या चित्रांची साफसफाई. इथे दर हवेत ठरवू नका. 50 नोंदी तासाच्या दराने करून घ्या आणि वेळ लावा. 75 मिनिटं लागली तर नोंदीमागे दीड मिनिट, 1000 नोंदींना 25 तास. त्यावर तपासणी-दुरुस्तीसाठी थोडी भर घालून आकडा ठरवा. ‘बरोबर नोंद’ कशाला म्हणायचं हे मात्र आधी लिहा, कारण नगावर काम करणाऱ्याचा फायदा वेगात असतो आणि तुमचा अचूकतेत.

‘अमर्याद कामं’ देणाऱ्या मासिक वर्गणी योजनाही दिसतात. अमर्याद काही नसतं. एका वेळी एकच काम, उत्तराला अमुक दिवस, एक काम अमुक वेळाच्या आतलं, अशा अटी खाली बारीक अक्षरात असतात. त्या वाचून महिन्याला प्रत्यक्ष किती तास मिळतील हे काढा आणि मग भागाकार करा.

दराबाहेरचा खर्च

मध्यस्थांचं कमिशन कुणाकडून कापलं जातं हे पाहा. फायव्हर विक्रेत्याच्या कमाईतून 20 टक्के कापतं. तुम्ही 100 चं काम घेतलं तर करणाऱ्याच्या हाती 80, आणि तुमच्या बाजूला सेवाशुल्क वेगळं. अपवर्कवर 2023 मध्ये फ्रीलान्सरकडून सरसकट 10 टक्के घेणं सुरू झालं, 2025 पासून ते कामागणिक 0 ते 15 टक्के असतं. ग्राहकालाही शुल्क असतंच. कुणाच्याही खिशातून कापलं तरी शेवटी ते दरात येऊन बसतं. थेट परदेशात पैसे पाठवत असाल तर पाठवणीच्या शुल्काइतकंच विनिमय दराकडे लक्ष द्या. ‘शून्य शुल्क’ म्हणणारा बरेचदा विनिमय दरातच आपला वाटा काढतो.

एजन्सी असेल तर सुरुवातीचं शुल्क, किमान कराराचा काळ, माणूस बदलून मिळण्याची अट, आणि पुढे तोच माणूस तुम्ही थेट ठेवलात तर किती भरपाई, हे चार प्रश्न पहिल्याच बोलण्यात विचारा. एक माणूस एका वेळी किती ग्राहक सांभाळतो हेही. या शेवटच्या प्रश्नाला जो ताकास तूर लागू देत नाही, त्याच्याकडून मी काम घेत नाही.

वेळेच्या फरकालाही किंमत आहे. फिलिपिन्समध्ये व्हीएचं काम करणारे फार मोठ्या संख्येने आहेत. तिथलं घड्याळ वर्षभर बदलत नाही, न्यूयॉर्कचं बदलतं. म्हणून दोहोंतलं अंतर उन्हाळ्यात 12 तास आणि हिवाळ्यात 13. न्यूयॉर्कच्या दिवसा काम हवं म्हणजे त्यांची रात्र, आणि रात्रीच्या कामाला जादा दर मागणं रास्तच आहे. खरंच सगळे आठ तास एकाच वेळी लागतात का? बहुतेकांना दोन तास पुरतात. त्याच देशात 1975 च्या अध्यक्षीय आदेशाने नोकरदारांना 24 डिसेंबरच्या आत ‘तेरावा महिना’, म्हणजे वर्षाचा एक जादा पगार, द्यावा लागतो. स्वतंत्र फ्रीलान्सरला तो नियम लागू नाही, पण एकाच मालकाकडे कायम काम करणारे पुष्कळ जण तशी अपेक्षा ठेवतात. नेमतानाच स्पष्ट बोलून घेतलेलं बरं.

आणि सर्वांत मोठा खर्च तुमच्या वेळेचा. समजा तुमच्या तासाची किंमत 60. पहिला व्हीए तासाला 10 घेतो, कामाला तीन तास लावतो, आणि ते तपासायला तुमची 40 मिनिटं जातात: 30 अधिक 40, एकूण 70. दुसरा 16 घेतो, दोन तास लावतो, तपासणी 10 मिनिटं: 32 अधिक 10, एकूण 42. तासाच्या दराने पाहिलं तर दुसरा दीडपटीहून महाग. असं गणित चाचणीच्या कामावर एकदा प्रत्यक्ष मांडून पाहा.

निवड आणि चाचणी

जाहिरातीत ‘मेहनती, प्रामाणिक, चौफेर’ असली विशेषणं नकोत. पहिल्या ढिगातली तीन कामं जशीच्या तशी लिहा, आठवड्याचे तास सांगा, एकत्र हजर राहायची वेळ सांगा, आणि दराची कक्षा द्या. दर लपवला की दोन्हीकडचा वेळ जातो.

पूर्वी अर्जाच्या सुरुवातीला अमुक शब्द लिहा, अशी एक खूण जाहिरातीत पेरत असत. जाहिरात नीट वाचली की नाही ते त्यावरून कळायचं. आता अर्ज यंत्राकडून लिहून घेतात आणि यंत्र ती ओळ माणसापेक्षा नीट वाचतं. त्यापेक्षा दोन मिनिटांचं स्क्रीन रेकॉर्डिंग मागा: ‘विस्कळीत यादी कशी लावाल ते बोलत बोलत दाखवा.’ बोलण्यातली स्पष्टता आणि हाताची सफाई दोन्ही एकदम दिसतात.

मग तिघांना एकच काम, दोन-तीन तासांचं, पैसे देऊन. फुकट चाचणी मागू नका. चांगली माणसं तिथेच निघून जातात. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत आपल्याच पातेल्यातलं हवं, म्हणून काम खरं असू द्या, आणि त्यात मुद्दाम एक जागा अर्धवट ठेवा. ‘या क्षेत्रातल्या 25 लहान कंपन्यांची यादी करा’ असं सांगायचं आणि लहान म्हणजे किती हे सांगायचं नाही. एक जण काहीही गृहीत धरेल. दुसरा गृहीत धरेल पण तसं लिहून ठेवेल. तिसरा काम सुरू करण्याआधी विचारेल. मला दुसरा आणि तिसरा चालतात. पहिला कितीही वेगवान असला तरी नको.

करार आणि कागद

एक-दोन पानी करार पुरतो: कामाची व्याप्ती, तास, दर आणि मोजण्याची रीत, बिलाचा दिवस, पैसे किती दिवसांत, केलेल्या कामाची मालकी कोणाची, गुप्तता, आणि दोन्ही बाजूंनी किती दिवसांची पूर्वसूचना. ठोक रकमेचं काम असेल तर टप्पे पाडा. अपवर्कवर टप्प्याची रक्कम आधी मध्यस्थाकडे जमा होते आणि काम सादर झाल्यावर तुम्ही 14 दिवस काहीच कळवलं नाही तर ती आपोआप सुटते. तेव्हा सादर झालेलं काम ‘नंतर बघू’ म्हणून ठेवू नका.

दोन कायदेशीर खड्डे लक्षात ठेवा. व्हीएच्या हाती युरोपीय संघातल्या ग्राहकांची वैयक्तिक माहिती जाणार असेल तर 25 मे 2018 पासून लागू झालेल्या जीडीपीआर या तिथल्या माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम 28 प्रमाणे माहिती-प्रक्रियेचा लेखी करार लागतो. दुसरा खड्डा ‘स्वतंत्र कंत्राटदार’ या शब्दाचा. कागदावर तसं लिहिलं तरी तास, पद्धत, सुट्टी सगळं तुम्हीच ठरवत असाल तर अनेक देशांचे कायदे त्याला कर्मचारी मानू शकतात. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2020 पासूनच्या कायद्याने तर तो कर्मचारी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर टाकली आहे. मोठं, कायमचं काम असेल तर एकदा जाणकार वकिलाला विचारा.

किल्ल्या देताना

स्वतःचा पासवर्ड चॅटवर पाठवायचा नाही, कधीच. जिथे वेगळा वापरकर्ता तयार करता येतो तिथे तो करा आणि लागतील तेवढेच अधिकार द्या. जीमेलमध्ये खातं दुसऱ्याच्या ताब्यात न देता त्याला प्रतिनिधी म्हणून जोडता येतं. तो ईमेल वाचू, पाठवू, पुसू शकतो, पासवर्ड बदलू शकत नाही. कॅलेंडरही असंच वाटून देता येतं. बाकीच्या खात्यांसाठी पासवर्ड मॅनेजर वापरा. दुहेरी पडताळणीचा कोड तुमच्या फोनवर येत असेल आणि तुम्ही झोपलेले असाल तर व्हीएची अख्खी सकाळ वाया जाते, म्हणून त्याला कोड कसा मिळेल याची सोय पहिल्याच दिवशी लावा.

पैशांच्या बाबतीत दोन हात ठेवा: व्हीए देयक तयार करील, मंजुरी तुमची. विश्वास बसला तरी ही रीत मोडू नका, त्यात त्याचंही संरक्षण आहे.

पहिला महिना

उंटावरून शेळ्या हाकण्याची खरी परीक्षा इथे लागते. पहिले दोन-तीन आठवडे तुमचा वेळ वाचणार नाही, उलट जास्त जाईल. ते आधीच धरून चाला. सूचनांची पुस्तिका लिहीत बसू नका. तुम्ही एरवी ते काम करता तसं करा, बोलत बोलत स्क्रीन रेकॉर्ड करा आणि व्हीएला द्या. त्यावरून पायऱ्या त्यानेच लिहून काढायच्या, तुम्ही फक्त दुरुस्त करायच्या. त्याला काय कळलं आणि कुठे ‘ध’चा ‘मा’ झाला, हे काम सुरू होण्याआधीच दिसतं, शिवाय पुढच्या माणसासाठी पुस्तिका तयार होते.

पहिला आठवडा रोज पंधरा मिनिटं बोला, नंतर आठवड्यातून दोनदा. दिवसअखेर तीन ओळी मागवा: काय झालं, काय अडलं, उद्या काय. एकच चूक दुसऱ्यांदा झाली तर आधी लिहिलेली पायरी तपासा. तिसऱ्यांदा झाली तर माणसाशी बोला.

पडद्याची चित्रं टिपणारी हजेरी ठेवावी का? अपवर्कवर तासाच्या कामात दर दहा मिनिटांच्या तुकड्याला एक चित्र टिपलं जातं आणि तासांच्या वादात ते दोघांच्याही कामी येतं. पण नगावर किंवा ठोक रकमेवर काम देऊन वर माउस किती हलला हे मोजणं मला तरी हास्यास्पद वाटतं.

दरवाढ आणि निरोप

सहा महिन्यांनी दराचं बोलणं तुम्हीच काढा. तुमचं काम ओळखणारा माणूस गेला तर नव्याला शिकवायला पुन्हा तेच तीन आठवडे जातात. त्यांची किंमत आणि मागितलेली वाढ शेजारी शेजारी लिहा, बहुतेकदा वाढ स्वस्त पडते. दुसऱ्या ढिगातली कामं सोपवायची वेळही हीच, आणि अर्थात नव्या कामांचा दर वेगळा.

नाही जमलं तर महिना संपायची वाट न पाहता पूर्वसूचना द्या. शेवटच्या आठवड्यात अर्धवट कामांची यादी आणि लिहिलेल्या पायऱ्या ताब्यात घ्या, दिलेल्या खात्यांची यादी समोर ठेवून एकेक प्रवेश बंद करा, आणि ज्या दिवशी शेवटचा प्रवेश बंद होईल त्याच दिवशी शेवटचं बिल चुकतं करा.